घरचीच मुलगी

ऑगस्ट 2022 ची गोष्ट. मगरिबची नमाज पढून मी नववीच्या मराठीच्या वह्या तपासायला घेतल्या होत्या, तेवढ्यात टेक्सासहून धाकट्या भाचीचा फोन आला. तिकडे सकाळचे नऊ वाजले होते. रडून रडून आवाज बसलेला. "खाला, मेरेकू निकाल दिये उनो. आपा के घर सेच निकाल दिये."

पोरीचा जन्म तिकडचा, शाळा-कॉलेज तिकडचं. पण मनाला लागलं की तिच्या तोंडून तिच्या आईची सोलापुरी दखनीच बाहेर पडते.

'आपाचं घर' म्हणजे सोरॉरिटी. अमेरिकेतल्या कॉलेजांमध्ये मुलींची ही मंडळं असतात. नावं ग्रीक अक्षरांची, कॅम्पसजवळ मोठं घर, त्यात काही सदस्य मुली राहतात. एकमेकींना बहिणी म्हणायचं, समाजकार्यासाठी पैसे जमवायचे, आणि पुढे नोकरी शोधताना याच बहिणींच्या ओळखी कामाला येतात. माझी थोरली भाची 2018 मध्ये अशा एका सोरॉरिटीत गेली. बाजीनं आधी साफ नकार दिला होता. दारू, पार्ट्या, मुलं, सगळी भीती. थोरलीनं समजावलं की सोरॉरिटीच्या घरात दारूला बंदी असते, आणि बाहेर कुठं जायचं नि कुठं नाही हे तिचं तिला कळतं. चार वर्षं ती तिथं नीट राहिली. त्या घरातली ती पहिलीच मुसलमान मुलगी होती.

धाकटी कॉलेजात गेली तेव्हा घरात सगळ्यांनी गृहीतच धरलं होतं की ही आपाच्या घरात जाणार. अशा मुलीला तिथं 'लेगसी' म्हणतात. आई, आजी किंवा बहीण सदस्य असेल तर तुम्ही त्या घराच्या लेगसी. आपल्या भाषेत सांगायचं तर 'घरचीच मुलगी'.

भरतीचा तो आठवडा मी फोनवरून जगले म्हणा ना. पहिल्या दिवसांत मुली सगळ्या घरांना भेट देतात. दारात सदस्य मुली टाळ्या वाजवत गाणी म्हणतात, मग एकेकीला आत नेऊन थोडा वेळ बोलतात. कुठली, काय शिकतेस, सुट्टीत काय करतेस. रात्री मुली आपल्या पसंतीचा क्रम लावतात आणि घरंही लावतात. दोन्ही याद्या संगणकात जुळवल्या जातात आणि सकाळी प्रत्येकीच्या हातात कागद पडतो, आज कुठल्या घरांनी परत बोलावलंय त्याचा. रोज यादी छोटी होत जाते. शेवटी एक-दोन घरं उरतात, मुलगी सहीनिशी पसंती देते आणि निवड झाली की बोलावण्याचा कागद हातात येतो. त्याला 'बिड' म्हणतात. सही केलेल्या घरानं बिड दिली आणि मुलीनं ती नाकारली, तर पुढच्या वर्षीच्या भरतीपर्यंत त्या कॅम्पसवरच्या दुसऱ्या तशा सोरॉरिटीत तिला जाता येत नाही. निकाहनाम्यावरच्या सहीसारखं आहे, असं मी म्हणाले तेव्हा धाकटी खूप हसली होती.

आता तिसऱ्या दिवशी सकाळच्या कागदावर आपाच्या घराचं नाव नव्हतं.

कारण कुणी सांगत नाही. निवडीची चर्चा गुप्त असते. बाजी म्हणाली, "दुपट्ट्यामुळं." थोरली केस झाकत नाही, धाकटी झाकते. असेलही. नसेलही. कळायला मार्ग नाही, आणि हेच जास्त टोचतं.

रात्री झोपायच्या आधी थोरलीचा फोन आला. ती रडत नव्हती, चिडलेली होती. "खाला, चार वर्षं मी त्या घरासाठी राबले. ती माझी सगी बहीण आहे. मला एक फोनसुद्धा नाही?"

फोनचं प्रकरण तिनंच मला समजावलं. पूर्वी बऱ्याच सोरॉरिटींमध्ये रिवाज होता की लेगसी मुलीला सहजासहजी गाळायचं नाही. शेवटच्या फेरीपर्यंत आली तर यादीत तिला वर ठेवायचं. आणि गाळायचीच असेल तर आधी तिच्या आईला किंवा बहिणीला फोन करून सांगायचं. थोरलीच्या सोरॉरिटीनं मधल्या काळात लेगसीची सवलतच काढून टाकली होती.

ही सवलत का काढली, ते मी त्या रात्री वाचत बसले. वह्या तशाच राहिल्या.

या मंडळांचा इतिहास जुना आहे. सगळ्यात जुन्या सोरॉरिटीची सुरुवात 1851 मध्ये जॉर्जियातल्या वेस्लियन कॉलेजात झाली. तेव्हा कॉलेजात जाणाऱ्या मुली मूठभर, मग त्यांनी एकमेकींचा हात धरला. 1902 मध्ये या सोरॉरिटींची राष्ट्रीय परिषद उभी राहिली. पण हात धरताना कुणाचा धरायचा हे ठरलेलं होतं. काळ्या मुलींना तिथं जागा नव्हती, त्यांनी 1908 मध्ये हॉवर्ड विद्यापीठात आपली 'अल्फा कप्पा अल्फा' काढली. ज्यू मुलींनी 1909 मध्ये न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजात 'अल्फा एप्सिलॉन फाय' काढली. आपल्याकडची उदाहरणं सांगायला हवीत का? 2005 मध्ये व्हर्जिनियात मुसलमान मुलींसाठी 'गॅमा गॅमा काय' निघाली, तीही एका आई-मुलीनं मिळून काढलेली. ज्यांना दारात उभं केलं त्यांनी आपापली घरं बांधली.

अलाबामा विद्यापीठात 1963 मध्ये काळ्या विद्यार्थ्यांना प्रवेश मिळाला. पुढे पन्नास वर्षांनी, 2013 मध्ये, तिथल्या विद्यार्थ्यांच्या वर्तमानपत्रानं बातमी दिली की उत्तम गुण असलेल्या एका काळ्या मुलीला सोरॉरिट्यांनी नाकारलं. घरातल्या काही मुलींना ती हवी होती. माजी सदस्यांनी आडकाठी केली, असं त्या मुलींनीच पुढे येऊन सांगितलं. देशभर बोभाटा झाला आणि विद्यापीठाला भरती पुन्हा उघडावी लागली.

आता लेगसीचा हिशोब करा. ज्या घरात आजीच्या काळी फक्त गोऱ्या मुलींना प्रवेश होता, त्या घरात 'आजी सदस्य असेल तर प्राधान्य' म्हटलं की वेगळा नियम लिहायची गरजच उरत नाही. काळी, ज्यू, मुसलमान, कुणाचंही नाव न घेता त्या बाहेर राहतात. 2020 मध्ये जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतर कॅम्पसांवर याचा जाब विचारला जाऊ लागला आणि अनेक सोरॉरिटींनी लेगसीचं प्राधान्य बंद केलं.

म्हणजे ती सवलत थोरलीसारख्या मुलींसाठी काढली गेली होती. तिची आजी सोलापुरात. तिची आई लग्न होऊन तिकडे गेलेली. 2018 मध्ये रांगेत उभी असताना तिच्या मागं कुणी नव्हतं, आणि शेजारी लेगसी मुली होत्या. ती स्वतःच्या बळावर आत गेली. आणि चारच वर्षांत तिला त्याच नियमाची आठवण येत होती, जो तिच्या विरुद्ध होता.

मी तिला फोनवर हे सांगितलं. थोडं कडकच बोलले. "दुपट्ट्यामुळं काढलं असेल तर तो अन्याय आहे, लढ. मी तुझ्या बाजूनं. पण 'माझी बहीण आहे म्हणून घ्यायला हवं होतं' ही तक्रार वेगळी आहे. दोन्ही एका पिशवीत घालू नकोस." तिनं "ठीक आहे खाला" म्हणून फोन ठेवला. आवाजावरून ठीक नव्हतं.

फोन ठेवल्यावर मला झोप आली नाही. कारण उपदेश करणारी ही खाला स्वतः कशी आत आली, हे तिला ठाऊक नव्हतं.

2004 मध्ये आमच्या शाळेत मराठीच्या शिक्षकाची एक जागा निघाली. उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवायला माणूस मिळणं तेव्हाही अवघड होतं. माझे अब्बा त्याच शाळेत आयुष्यभर मराठी शिकवून आदल्या वर्षी निवृत्त झाले होते. मी नुकतीच बीएड झाले होते. मुलाखतीला पाच जण होतो. माझ्या शेजारी एक मुलगी बसली होती. तिची अम्मी विड्या वळायची. तिला बीएला आणि बीएडला माझ्यापेक्षा जास्त गुण होते. तिनं पाठ घेण्यासाठी स्वतः रंगवलेला तक्ता गुंडाळून आणला होता आणि तो चुरगळू नये म्हणून सारखी सावरत होती.

मी आत गेले. फळ्याजवळ खडू ठेवलेला होता. एक ट्रस्टी हसून म्हणाले, "हिला काय विचारायचं? सरांची मुलगी. घरचीच आहे." अब्बांची तब्येत विचारली, चहा आला. मला कुणी पाठ घ्यायला सांगितलं नाही.

बाहेर आले तेव्हा त्या मुलीनं घाईनं विचारलं, "काय काय विचारलं?"

मी म्हणाले, "व्याकरण. समास, प्रयोग वगैरे."

ती लगेच डोळे मिटून समास आठवायला लागली.

मी वाईट शिक्षिका नाही. अब्बांकडून खूप काही मिळालं. उर्दूतून विचार करणाऱ्या मुलाला 'ळ' कसा म्हणायला लावायचा, नपुंसकलिंग त्याला का जड जातं, हे मी त्यांच्या शेजारी बसून लहानपणीच शिकले. तो वारसा माझा आहे आणि त्याची मला लाज नाही. पण तो मी फळ्यासमोर दाखवायला हवा होता. दाखवायची वेळच आली नाही. कदाचित मीच उत्तम ठरले असते. कदाचित ती ठरली असती. हे आता कुणालाच कळणार नाही, मलाही नाही.

घटनेच्या कलम 30 नं आपल्याला आपल्या संस्था उभारण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला. 2006 च्या सच्चर समितीच्या अहवालाचे दाखले आपण प्रत्येक भाषणात देतो, आणि द्यायलाच हवेत. पण आपल्याच शाळेच्या दारात विडी वळणाऱ्या बाईची मुलगी तक्ता घेऊन उभी असते तेव्हा तिचा अहवाल कोण लिहितो?

दुसऱ्या दिवशी मी धाकटीला फोन करून हे सगळं सांगितलं. समासाचं खोटंसुद्धा. हे मी त्याआधी कुणालाच सांगितलं नव्हतं, माझ्या मियाँनाही नाही. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "खाला, उनका नाम याद है?"

"हौ."

"आपने उनको कभी बताया?"

"नाही."

ती पुढं काही बोलली नाही. दुपारी मात्र उरलेल्या घरांना भेटायला गेली. आदल्या दिवशी सगळं सोडून द्यायचं म्हणत होती. शेवटी तिला एका घराची बिड मिळाली, ज्या घराबद्दल आम्ही कधी ऐकलंही नव्हतं. फोटो आला. सगळ्यांचे एकसारखे सदरे, मधे हिचा पांढरा दुपट्टा. थोरलीनं त्यावर लाल बदाम टाकला होता. माझ्याशी मात्र ती पुढचा महिनाभर बोलली नाही. आता बोलते.

हे सगळं आज लिहायचं कारण वेगळं आहे. यंदा आमच्या शाळेत पुन्हा एक जागा निघाली. माझ्या जाऊबाईंची मुलगी बीएड झालेली आहे. हुशार आहे, कष्टाळू आहे. सीनियर शिक्षिका म्हणून निवडीच्या वेळी मी बसावं असा निरोप आला आणि निरोप आणणारे हसत म्हणाले, "बाई, घरचीच मुलगी आहे ना?"

मी कळवलं की मी बसणार नाही. आणि लेखी विनंती केली की सगळ्या उमेदवारांना एकच धडा द्यावा, सगळ्यांचा पाठ वर्गात मुलांसमोर व्हावा. पुतणीला मी घरी बोलावून तयारी करून घेतली, कारण तेवढं माझं कर्तव्य होतं. तिच्याबरोबर आणखी दोन मुलींची घेतली, ज्या विचारायला आल्या होत्या.

निकाल अजून लागलेला नाही. जाऊबाई खालच्या मजल्यावर राहतात. आमच्यात डबा कधी रिकामा परत जात नाही, सालन नसलं तर चार खजूर तरी त्यात ठेवायचे. गेले तीन आठवडे माझा डबा घासून पुसून येतो, आणि रिकामा येतो. मी परत भरून पाठवते.