पाच मिनिटांची घंटा

आमच्या शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेतली पितळी घंटा गेली कित्येक वर्षे माझ्याच हाती असते. चौथ्या मिनिटाला एक टोला, पाचव्याला दोन. त्यानंतर जो बोलेल त्याचे गुण कापायचे.

गेल्या मे महिन्यात एका जुन्या विद्यार्थ्याने मला बंगळूरला संगणकवाल्यांच्या परिषदेला नेले. "सर, निदान शेवटचा तास तरी बघा," म्हणाला. त्या तासात दहा-अकरा जण एकामागून एक उठले आणि पाच-पाच मिनिटे बोलले. वेळ संपली की टोला पडायचा, मग वाक्य अर्धे का असेना, माणूस खाली! याला 'लाइटनिंग टॉक' म्हणतात. मला आधी हा थिल्लरपणाच वाटला.

हे नाव रूढ झाले ते २००० साली पिट्सबर्गला भरलेल्या, 'पर्ल' या संगणकभाषेच्या परिषदेपासून. तिथे मार्क जेसन डॉमिनस यांनी अशा भाषणांचे सत्र ठेवले होते. २००३ मध्ये टोकियोत अॅस्ट्रिड क्लाइन आणि मार्क डायथम या वास्तुविशारदांनी 'पेचाकुचा' काढले. त्यात वीस चित्रे, प्रत्येकी वीस सेकंद; म्हणजे सारा खेळ ६ मिनिटे ४० सेकंदांचा. चित्र आपोआप पुढे सरकते, वक्त्याच्या हाती काही नाही. (आमच्या संमेलनाध्यक्षांसाठी हे यंत्र मागवायला हवे!) जपानीत पेचाकुचा म्हणजे गप्पाटप्पा.

माझा विद्यार्थीही बोलला. ऐन रंगात असताना टोला पडला, सभागृह हसले, टाळ्या झाल्या, आणि तोही हसतच खाली आला. "वाईट नाही वाटलं?" मी विचारले.

"नाही सर, घंटा आहे म्हणून तर धीर होतो. तासभर बोलायचं असतं तर मी नावच दिलं नसतं. फसलो तरी लोकांची पाचच मिनिटं जातात."

परतीच्या गाडीत मला झोप लागली नाही. फार वर्षांपूर्वीचा सातवीतला एक मुलगा आठवत राहिला. घरी कानडी, शाळेत मराठी. सुगीवर छान बोलत होता. 'कणगी' म्हणायचे होते, तोंडी आले 'कणज'. मुले हसली. तो गप्प उभा राहिला. मी घड्याळ पाहिले आणि दोन टोले दिले. नियमाप्रमाणे ते बरोबरच होते. पुढे दहावीपर्यंत तो कधी व्यासपीठावर चढला नाही. आता तो कुठे आहे, मला माहीत नाही.

यंदा वक्तृत्व स्पर्धेनंतर आम्ही एक तास मोकळा ठेवला आहे. पाच मिनिटे, विषय आपला, गुण नाहीत, अडलेला शब्द घरच्या भाषेत चालेल. घंटा आहेच, ती आठवीतली मुले वाजवतील. अकरा नावे आली आहेत. एका मुलीचा विषय आहे, 'आमची म्हैस आणि डेअरीतला फॅट'. बाराव्या ओळीत कोणीतरी खोडसाळपणे माझे नाव लिहिले आहे. मी ते अजून खोडलेले नाही.