मार्शल लॉमधला मार्शल

सोलापूर,
5 जानेवारी

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद.

हुतात्मा दिनाचं तुझं इंग्रजी भाषण वाचलं. मजकूर चांगला आहे, पण त्यातल्या ‘मार्शल’चं स्पेलिंग तू तीन तऱ्हांनी केलं आहेस. एके ठिकाणी टी आणि आय यांची अदलाबदल होऊन ‘मॅरिटल लॉ’ झालंय, म्हणजे वैवाहिक कायदा! संगणक त्याखाली तांबडी रेघ ओढणार नाही, कारण तोही शब्द खराच. तुझं तुलाच पाहावं लागेल.

दुसरा घोटाळा आपल्या कानाचा. मराठीत आपण दोन वेगळ्या इंग्रजी शब्दांना एकच ‘मार्शल’ म्हणतो. एस-एच-ए-एल वाला मार्शल मुळात घोड्यांचा मोतद्दार. चढत चढत तो फील्ड मार्शल झाला. विधानसभेत आमदाराला उचलून बाहेर नेतात ते मार्शल हेच, आणि वडापला धावायची ती महिंद्राची मार्शलही हीच. याचं क्रियापदही होतं. मुद्दे नीट ओळीत उभे करणं, या अर्थानं. तुझ्या भाषणाला त्याची थोडी गरज आहे की!

आपल्या गावाशी संबंध आहे तो टी-आय-ए-एल वाल्याचा. तो ‘मार्स’वरून आला. मार्स म्हणजे रोमन लोकांचा युद्धदेव, त्याचंच नाव त्यांनी मंगळाला दिलं. म्हणजे आपल्या मंगळवार पेठेचा ग्रह आणि हा ग्रह एकच. हे विशेषण फार मोकळेपणानं वावरत नाही. लॉ, आर्ट्स, म्युझिक अशा मोजक्या नामांआधीच बसतं. लष्कराचं इस्पितळ ‘मिलिटरी हॉस्पिटल’, तिथं मार्शल चालत नाही. फक्त ‘कोर्ट मार्शल’मध्ये फ्रेंच वळणानं ते नामाच्या मागे जातं, म्हणून अनेकवचन करताना एस कोर्टला लावायचा, निदान परीक्षेत तरी.

आता मुख्य गोष्ट. दुसऱ्या परिच्छेदात तू ‘मार्शल लॉ’ऐवजी ‘मिलिटरी लॉ’ लिहिलंस. तेच ते शब्द पुन्हा नकोत म्हणून असेल, पण अर्थ पार बदलला. मिलिटरी लॉ हा सैनिकांना लागू होणारा, पुस्तकात छापलेला कायदा. मार्शल लॉ येतो तुझ्यामाझ्यासारख्यांवर, नेहमीचा कायदा बाजूला सारून. वेलिंग्टननं 1851 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये सरळ सांगून टाकलं होतं की मार्शल लॉ म्हणजे सेनापतीची मर्जी, त्याहून जास्त नाही आणि कमीही नाही. नावातल्या ‘लॉ’वर फार विसंबू नकोस.

सोलापुरानं ते अनुभवलं. मे 1930 मध्ये गांधीजींना अटक झाली आणि गिरणगाव पेटलं. 8 मे रोजी गोळीबार झाला, लोक उसळले, पोलीस गाव सोडून गेले. पुढचे काही दिवस इथं इंग्रजांचा अंमल नव्हता, रस्त्यावरची व्यवस्था काँग्रेसच्या स्वयंसेवकांनी पाहिली. 12 मे रोजी मार्शल लॉ पुकारला गेला, लष्कर आलं. जूनअखेर तो उठला. या शब्दाबरोबर चालणारी क्रियापदंही यातच आली: पुकारायला ‘डिक्लेअर’, लादायला ‘इम्पोज’, उठवायला ‘लिफ्ट’. आणि त्याच्याआधी ‘अ’ लावू नकोस, नुसता ‘मार्शल लॉ’.

आता तुझं शेवटचं वाक्य. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना ‘अंडर मार्शल लॉ’ फाशी दिलं, असं तू लिहिलं आहेस. ‘अंडर’ म्हणजे तो लागू असताना. पण फाशी झाली येरवड्यात, 12 जानेवारी 1931 रोजी, संक्रांतीच्या तोंडावर. मार्शल लॉ उठून तेव्हा सहा महिने उलटून गेले होते. म्हणजे ‘अंडर’नं इतिहासच चुकवला. हे बारकं वाटेल, पण मला यातच जास्त भयंकर काही दिसतं. लष्कर गेलं, नेहमीचा कारभार परत आला, आणि फाशी त्या नेहमीच्या कारभारात झाली. तुझ्या वाक्यानं सगळा दोष मार्शल लॉवर जातो आणि बाकीचं राज्य सुटतं. ‘आफ्टर मार्शल लॉ हॅड बीन लिफ्टेड’ असं कर आणि तारीख घाल. वाक्य लांबेल, लांबू दे.

शहिदांची नावं मात्र इंग्रजी हेल काढून घेऊ नकोस. श्रोते इथलेच आहेत.

दुसरा परिच्छेद नव्यानं लिहून परवापर्यंत पाठव. आईला सांग, शेंगाची चटणी बांधून ठेवली आहे. येताना रिकामा डबा आण, मागचे दोन अजून तुमच्याकडेच आहेत.

तुझी,
आत्या