लग्न लालबागचं, वरात माथेरानची

तुमच्या मोबाइलवर आत्ता किती लग्नपत्रिका पडून आहेत? माझ्याकडे दर डिसेंबरात कमीत कमी सहा तरी असतात. एक अलिबागच्या रिसॉर्टची, एक नाशिकच्या वाइनयार्डची, आणि प्रत्येकीबरोबर ड्रेसकोडची वेगळी पीडीएफ. अठ्ठावीसचं वय म्हणजे असंच. सगळा पगार (माझ्यासारख्या फ्रीलान्सरचा तर येईल तेव्हाचा पगार) गिफ्ट्स आणि ब्लाउजच्या शिलाईत जातो. त्यामुळे २०२४च्या दसऱ्याला आमच्या लालबागच्या मैत्रिणीने जेव्हा जाहीर केलं की, "आम्ही रजिस्टर करतोय. हॉल नाही, मेंदी नाही, संगीत तर नाहीच. नंतर सगळे मिळून एक दिवस माथेरान!" तेव्हा आमचा अख्खा ग्रुप तिच्या प्रेमात पडला.

नवरा मुलगा गिरगावचा. दोघांची ओळख लोअर परळच्या ऑफिसातली. तिचे आजोबा ज्या गिरणीत साच्यावर होते, त्याच आवारात आता काचेची बिल्डिंग आहे आणि तिसऱ्या मजल्यावर हे दोघं समोरासमोर बसायचे. दोघांचं गणित सरळ होतं. लग्नावर उडवायचे पैसे घराच्या डाऊन पेमेण्टला. काय चुकलं सांगा?

रजिस्टर लग्नाची प्रोसेस आपल्यातल्या बऱ्याच जणांना माहीत नसते, म्हणून पटकन सांगून टाकते. आधी विधी करून नंतर नोंदणी करणं वेगळं. विधीच करायचा नसेल तर १९५४चा विशेष विवाह कायदा. त्यात आधी नोटीस द्यायची, ती तीस दिवस ऑफिसच्या बोर्डावर लागते. कुणाचा कायदेशीर आक्षेप टिकला नाही तर दोघांनी तीन साक्षीदारांसमोर सही करायची. संपलं! नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत लग्न झालं नाही तर मात्र पुन्हा पहिल्यापासून. साक्षीदार म्हणून माझं नाव लगेच लागलं. मी त्यासाठी एक साडीही हेरून ठेवली, हिंदमाताला.

सगळं ठरलं आणि काकू म्हणाल्या, "आणि माझी वही?"

काकू म्हणजे मैत्रिणीची आई. लालबागच्या चाळीतली दहा बाय बाराची खोली, खाली मसाल्याच्या डंकांची धडधड, आणि कपाटात साड्यांच्या खाली ती वही. आहेराची. कुणाच्या लग्नात कुणी काय दिलं, आपण काय दिलं. स्टीलचा डबा, ब्लाउजपीस, अकरा रुपये, एकावन्न रुपये, पुढे पुढे पाचशे एक. बत्तीस वर्षांच्या नोंदी काकूंच्या अक्षरात, त्याआधीच्या आजोबांच्या. आजीला लिहिता येत नाही, पण कुठल्या पानावर कोण आहे हे तिला पाठ आहे.

वहीचं पहिलं अर्धं अंग मात्र आहेराचं नाहीच. ते खानावळीचं आहे. आजी खानावळ चालवायची. कोकणातून एकटे आलेले गिरणीकामगार पाळीनुसार तिच्याकडे जेवायचे, पैसे महिन्याच्या पगाराला. गिरणगावात घरोघरी अशा बायका होत्या. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते या बायकांना एकत्र आणून बँकेचं कर्ज मिळावं म्हणूनच. मासकॉमला असताना मी यावर प्रोजेक्ट केलं होतं, मार्क्सही बरे पडले होते. पण खरी खानावळवाली आपल्या मैत्रिणीच्या घरात कॉटवर बसून लसूण सोलतेय हे मला तेव्हा कुणी सांगितलंच नव्हतं!

मग १८ जानेवारी १९८२. डॉ. दत्ता सामंतांचा संप. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. आजीचे जेवणारे पगाराशिवाय जेवत राहिले. वहीत त्या वर्षीची पानंच्या पानं नुसती उधारी आहे. मग एकेक जण गावी गेला. काहींनी नंतर पैसे पाठवले, काहींनी नाही. आजीने कुणाच्याही नावावर काट मारलेली नाही. उरलेल्या कोऱ्या पानांवर आहेर लिहायला लागले, इतकंच.

तर काकूंचं म्हणणं असं, की चाळीतल्या प्रत्येक घरी आपण जेवलोय, प्रत्येकाला दिलंय. आता आपल्याकडचं पहिलं आणि शेवटचं कार्य, आणि आपण गुपचूप सह्या करून यायचं?

"आई, मी हिशोब फेडायला लग्न करू का?" मैत्रीण चिडली. महिनाभर घरात हाच विषय. खरं सांगू? मी पूर्णपणे मैत्रिणीच्या बाजूने होते. आम्ही मैत्रिणींनी तिचं केळवण दादरला केलं, तिथे साबुदाणा वडा आणि पियूष समोर ठेवून आमची तासभर हीच चर्चा. लग्न दोघांचं असतं, खर्च दोघांचा, मग निर्णयही दोघांचा. आमच्या पिढीला हे वाक्य झोपेतही म्हणता येतं.

गिरगावकर तोवर गप्प होता. (तो तसाही गप्पच असतो, आम्हाला आधी तो शिष्ट वाटायचा.) मग म्हणाला, "माझं ऐकशील? जेवण घालू या."

त्याचं कारण असं. त्याच्या घरची जुनी इमारत मेट्रो-३च्या कामासाठी रिकामी झाली. सगळी बिऱ्हाडं भाड्याच्या घरांत पांगली, कुणी बोरिवली, कुणी डोंबिवली. निघायच्या गडबडीत, "परत येऊच की" म्हणत, कुणी कुणाला नीट निरोपही दिला नाही. त्याची आई अजून म्हणते, एकदा सगळ्यांना एका पंगतीला बसवायला हवं होतं. आणि लालबागची ही चाळही रिडेव्हलपमेण्टला निघाली होती. मार्चपर्यंत खोल्या रिकाम्या करायच्या. म्हणजे या पटांगणात मांडव पडायचा तर आत्ताच. पुढच्या डिसेंबरात पटांगण नसणार आणि शेजारीही नसणार.

मैत्रिणीने दोन दिवस घेतले. मग माथेरानचा ग्रुप पंधरावरून आठवर आणला, नवा फोन घ्यायचा बेत रद्द केला आणि आचाऱ्याला ॲडव्हान्स दिला. एकच अट घातली, पत्रिकेत 'कृपया आहेर आणू नये' ही ओळ हवी. काकूंनी ती ओळही काढून टाकली. "ज्यांना आपलं देणं द्यायचं असेल त्यांना आपण कोण नाही म्हणणारे?" यावर माझ्याकडे आजही उत्तर नाही.

शुक्रवारी फोर्टात रजिस्टर लग्न झालं. दोघांनी एकमेकांना पती-पत्नी म्हणून स्वीकारल्याचं वाक्य मराठीत म्हटलं, गिरगावकर मध्ये अडखळला. पहिली साक्षीदार मी, दुसरा त्याचा भाऊ, तिसरी सही काकूंची. अकरा मिनिटांत सगळं आटोपलं. हार दादरच्या फूलबाजारातून पहाटे मीच आणले होते, ते घालायलाच जास्त वेळ लागला.

रविवारी पटांगणात एकशे चाळीस पानं. मालवणी लग्नाचं जेवण, म्हणजे वडे, काळ्या वाटाण्याची उसळ, डाळ-भात, खीर, सोलकढी. सगळं शाकाहारी, त्यामुळे गिरगावची मंडळीही निश्चिंत. टेबल-खुर्च्यांची पंगत होती, पण वाढायला चाळीतलीच पोरं. दुपारी एकच्या सुमाराला पन्नाशीचे एक गृहस्थ दोन गोण्या घेऊन आले. सकाळी तुतारी एक्स्प्रेसने दादरला उतरले होते, कणकवलीहून. त्यांचे वडील संपापर्यंत आजीकडे जेवायचे. गोण्यांत उकडे तांदूळ. चाळीत कुणाचा तरी फोन नंबर त्यांच्याकडे होता, तिथून बातमी गेली म्हणे. आजीला आता दिसत फारसं नाही. तिने गाव विचारलं, वडलांचं नाव विचारलं आणि म्हणाली, "तुझो बापूस? भात दोनदा लागायचो तेका!" ते गृहस्थ हसले आणि मग तिथेच खाली बसले. बराच वेळ बसले होते. काकूंनी वही बाहेर आणली नाही. आम्हीही विचारलं नाही.

माथेरान सोमवारी. रविवारी मेगाब्लॉक असतो हे मध्य रेल्वेवाल्यांना सांगायला नको. शिवाय आठांत आता नववी भर पडली होती, काकू. आयुष्यभर घाट ओलांडून गावी गेल्या, पण नुसतं बघायला म्हणून कुठल्याही डोंगरावर गेल्या नव्हत्या. मुलीनेच ओढून आणलं. पहाटे करी रोडवरून दादर, दादरहून कर्जत लोकल, नेरळला खाली उतरून धावत मिनी ट्रेनची रांग. तिकिटं मिळाली!

ही गाडी १९०४ ते १९०७ या काळात अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी बांधली. दोन रुळांमधलं अंतर फक्त दोन फूट, रस्ता एकवीस किलोमीटरचा, आणि वेळ? अडीच तासांच्या वर! २०१९च्या पावसात मार्गाचं इतकं नुकसान झालं की नेरळपासूनची गाडी थेट ऑक्टोबर २०२२मध्ये पुन्हा सुरू झाली. आपल्याला झटपट पुणं गाठायची सवय, त्यामुळे पहिला अर्धा तास चुळबुळ होते. मग जुम्मापट्टी येतं, डोंगर कधी डावीकडे कधी उजवीकडे फिरतो, आणि बोलणं आपोआप कमी होतं. वाटेत एकच बोगदा आहे, इवलासा. त्याचं जुनं टोपणनाव 'वन किस टनेल'. ग्रुपमधल्या एका आगाऊ मुलाने हे मोठ्याने सांगितलं. सासूबाई समोरच्या बाकावर. गिरगावकर कानापर्यंत लाल. काकू शांतपणे म्हणाल्या, "मी डोळे मिटते. किती वेळ मिटू?" बोगदा तेवढ्यात संपलासुद्धा.

वर लाल माती, गर्द झाडी, आणि मोटारीचा हॉर्न नाही. खासगी गाड्या दस्तुरी नाक्यालाच थांबतात. काकूंचे गुडघे दुखतात म्हणून आम्ही हातरिक्षा विचारली, तर त्या भडकल्या. "माणसाने ओढायचं आणि मी बसायचं?" (ऑगस्ट २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माथेरानच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करून त्याजागी ई-रिक्षा आणायला सांगितलं, तेव्हा काकूंचा मला फोन आला होता. "बघ, मी काय म्हटलं होतं?") तेव्हा हळूहळू चालत निघालो. बाजारात भाई कोतवालांचं नाव निघालं. १९१२ साली माथेरानमध्ये जन्मलेले आणि २ जानेवारी १९४३ला सिद्धगडावर हुतात्मा झालेले. काकू म्हणाल्या, "म्हणजे आपल्या प्लाझासमोरचं कोतवाल गार्डन ते यांचं?" तिथे आम्ही वर्षानुवर्षं एकमेकींची वाट बघत उभ्या राहिलोय. पाटी वाचण्याएवढा वेळ कुणालाच नव्हता.

शार्लोट लेकच्या काठावर पिसरनाथाला नारळ फोडला, आदल्या दिवशीचे वडे आणि चटणी खाल्ली. एक वडा माकडाने नेला. मग इको पॉईण्ट.

तिथे आम्ही नवरीला उखाणा घ्यायला लावला. रजिस्टर लग्नात कुणी विचारलाच नव्हता ना! तिने कुठलातरी नेटवरचा, यमक न जुळणारा उखाणा ठोकला. दरीने गिरगावकराचं नाव परत दिलं, आम्ही शिट्ट्या मारल्या. मग कुणीतरी म्हणालं, "काकू, आता तुम्ही!" काका जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. एक क्षण वाटलं, नको होतं म्हणायला. काकूंनी पदर खोचला, कठड्यापाशी गेल्या. उखाणा वगैरे काही नाही. नुसतं काकांचं नाव, घरात हाक मारावी तसं, आणि पुढे, "पोरीचं झालं हो नीट!"

समोरच्या डोंगराने ते दोनदा म्हटलं. मैत्रीण तिच्याजवळ जाऊन उभी राहिली. पाच मिनिटं कुणी फोटो काढला नाही. आमच्या ग्रुपच्या हिशोबाने हा रेकॉर्डच.

उतरताना दस्तुरीपर्यंत चालत आणि पुढे नेरळपर्यंत शेअर टॅक्सी. चिक्कीची पाकिटं प्रत्येकाच्या हातात, चपला मातीने लाल. संध्याकाळच्या लोकलला सोमवार असूनही बसायला मिळालं. बदलापूरला दारात एक बाई दिसल्या, काकूंच्याच वयाच्या, कुणाला तरी शोधत. चाळीत आधी भिंतीला भिंत लागून राहायच्या, बारा वर्षांपूर्वी खोली विकून इथे आल्या. रविवारी त्यांना ड्यूटी होती. काकूंनी गाडीची वेळ आणि डबा कळवून ठेवला होता. कल्याणपर्यंत त्या आमच्याबरोबर आल्या. कोण कुठे भाड्याने जाणार, कुणाचा मुलगा काय करतो, रूम किती स्क्वेअर फुटांची मिळणार, वरच्या मजल्यावरच्या मावशींचं मोतिबिंदूचं ऑपरेशन. चार स्टेशनांत बारा वर्षं. जाताना नवरीच्या हातात पाकीट कोंबलं, गिरगावकराच्या तोंडावरून हात फिरवला आणि कल्याणच्या गर्दीत उतरून गेल्या.

मैत्रिणीने पाकीट न उघडता आईकडे दिलं. काकूंनी पिशवीतून वही काढली. माथेरानला वही आणली होती त्यांनी! मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पेन आहे का गं? पत्रकार ना तू?"