घरी शिकता येणार नाही ते निवड

पुणे,
श्रावण, शुक्रवार

चि. सोनू,


परवा फोनवर तू दोन गोष्टी एका दमात सांगितल्यास. स्टुडिओत रोज तोच माठ, त्याच कापडाच्या चुण्या काढून कंटाळा आलाय, ही एक. ऐच्छिक विषय सोमवारपर्यंत भरून द्यायचाय, संगणकावरचं ॲनिमेशन घेऊ की मातीकाम, ही दुसरी. "मातीकामाचा उपयोग काय?" असं तुझ्या आईने विचारलं म्हणे. मी फोनवर गप्प राहिले, कारण याचं उत्तर मला फार उशिरा सापडलं आणि ते नीट लिहूनच द्यावंसं वाटलं.

आधी स्टुडिओचं. आम्ही नागपूरला विद्यार्थी असताना रविवारी तिथल्या अजब बंगल्यात दगडी मूर्तींची रेखाटनं करायला जायचो. १८६३ सालचं ते संग्रहालय. बाहेर ऊन भाजत असायचं आणि आत मूर्तींपाशी गारवा. पहिले तीन रविवार मला एका मूर्तीचे नाकडोळे आणि दागिनेच दिसले. चौथ्या रविवारी दिसलं की तिचा एक पाय सैल आहे, सगळा भार दुसऱ्यावर आहे आणि त्यामुळे कंबर वळली आहे. त्या दिवशी माझं चित्र पहिल्यांदा स्वतःच्या पायावर उभं राहिलं. तुझा माठही असाच आहे. सकाळी दहाला त्याच्या डाव्या अंगाला असलेली सावली एक वाजता कुठवर सरकली, हे बघ. कंटाळा आल्यावर आणखी अर्धा तास बसून राहा. डोळा त्या अर्ध्या तासात शिकतो.

नागपूरची हवाही शिकवते. मे महिन्यात जलरंगाचा हात कागदभर फिरायच्या आत सुकतो, आणि पावसाळ्यात कागद फुगून रंग वाळता वाळत नाही. ब्रशवर पाणी किती घ्यायचं हे तिथे हाताला कळतं. पुस्तकात वाचून ते मला कधीच जमलं नसतं.

आता ऐच्छिक विषय. दुसऱ्या वर्षी माझ्यापुढेही मातीकाम होतं. मैत्रिणींनी जे घेतलं ते मी घेतलं, कारण त्यात गुण सहज मिळायचे. गुण मिळाले. पुढे जाहिरातीच्या कामात कितीतरी वर्षं गेली. त्या विषयातलं जे लागलं ते नोकरीत सहा महिन्यांत शिकता आलं. माती मात्र राहून गेली. बावन्नाव्या वर्षी मी कुंभाराच्या चाकाशी पहिल्यांदा बसले, तेव्हा बोटं आखडलेली होती आणि मध्यावर गोळा बसवायलाच महिना गेला. खूप रडू आलं, सोनू. वेळ गेल्याचं दुःख मला तिथे पहिल्यांदा कळलं.

म्हणून माझी कसोटी एकच: जे उद्या घरी, एकटीने शिकता येणार नाही, ते आज निवड. ॲनिमेशन चांगलंच आहे, ते जरूर शीक. पण संगणक तुझ्या टेबलावर येईल. भट्टी येणार नाही, छपाईचं यंत्र येणार नाही. माती कशी मळायची, भांड्याची भिंत किती जाड ठेवायची, ते पुरतं वाळल्याशिवाय भट्टीत का घालायचं नाही, हे शेजारी उभं राहून सांगणारा माणूसही येणार नाही. आत ओल राहिली तर तिची वाफ होते आणि भांडं फुटतं. शेजारच्या मुलीचं भांडं फुटलं की सगळा वर्ग ते तुकडे हातात घेऊन बघतो. तो धडा कॉलेजातच मिळतो.

राहिला उपयोगाचा प्रश्न. चित्रकार सय्यद हैदर रझा १९३९ ते १९४३ नागपूरच्या कला विद्यालयात शिकले, मग मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आणि १९५० साली पॅरिसला गेले. लहानपणी मंडल्याकडच्या शाळेत त्यांचं लक्ष लागेना, तेव्हा गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढून त्याकडे बघत बसायला सांगितलं होतं. तो ठिपका बिंदू होऊन त्यांच्या चित्रांत उतरायला सुमारे पन्नास वर्षं लागली. शिकलेलं कधी उगवेल हे शिकवणाऱ्याला ठाऊक नसतं, शिकणाऱ्यालाही नसतं. आईला हे माझ्या शब्दांत सांग. तिची काळजी खोटी नाही. पोटाचा प्रश्न असतोच. पण तुझं मुख्य शिक्षण त्यासाठी चालूच आहे. एक विषय हातासाठी असू दे.

फॉर्म भरण्याआधी उद्या नागपूरच्या महाल भागात, मूर्तिकारांच्या चितारओळीत जाऊन ये. गणपती जवळ आलेत, तिथे सध्या रात्रंदिवस माती चाललेली असेल. माझ्या कॉलेजच्या दिवसांत तिथल्या एका आजोबांना मी विचारलं होतं, इतक्या मूर्ती एकसारख्या कशा जमतात? ते हात न थांबवता म्हणाले, "माती आपलं ऐकत नाही बाई, आपल्यालेच तिचं ऐका लागते." तेव्हा मी ते वहीत लिहून घेतलं आणि तिथेच सोडून दिलं. तू लिहून घेऊ नकोस. तासभर नुसती उभी राहा, मूर्तिकाराचा अंगठा कुठे दाबतो आणि कुठे सोडतो ते बघ. मग तुझे हात काय म्हणतात ते ऐक आणि फॉर्म भर.

मातीकाम घेतलंस तर आधी नखं काप.

तुझी,
मावशी