पेवाचे तोंड

हरिपूरचे पेव ज्यांनी पाहिले नाही, त्यांना ते शब्दांनी दाखवणे जरा अवघडच आहे. कृष्णा आणि वारणा जिथे एकमेकींना मिळतात, त्या सांगलीशेजारच्या गावी जमिनीत खोल खड्डे खणून त्यांत हळद साठवीत. तोंड एवढे लहान की एक माणूस जेमतेम उतरावा. पोट मात्र कोठाराएवढे. एकदा तोंड बुजवले की आत वारा नाही, कीड नाही. २००५च्या महापुरात त्यांतली कितीतरी पेवे पाण्याखाली गेली. आमच्या दाजींच्या घराण्याचा हळदीचा धंदा या पेवांवरच वाढलेला. त्यामुळे दुकानात सर्व्हर बसवला आणि मी त्यांना त्याची माहिती सांगू लागलो, तेव्हा माझे पुरते ऐकूनही न घेता ते म्हणाले, "म्हंजे पेवच की रे!"

याहून सोपी व्याख्या मला कुठल्या पुस्तकात सापडलेली नाही.

मी साताऱ्याचा शाळामास्तर. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. शिक्षण मॅट्रिकच्या पुढे गेलेले नाही. संगणक शिकलो तो शाळेच्या पगारपत्रकांच्या निमित्ताने. पण अक्काच्या दृष्टीने तिचा भाऊ म्हणजे मोठा इंजिनियर! म्हणून महिन्यातून एक रविवार सांगलीला जाऊन दाजींचे हिशेब लावून देणे हे काम माझ्या गळ्यात पडले. १९६०पर्यंत सांगली जिल्ह्याचे नावच दक्षिण सातारा होते. तेव्हा आम्हां सातारकरांना सांगली काही परकी नाही. पण २०२०च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली, जिल्ह्यांच्या वेशी बंद झाल्या, आणि ऐन हळदीच्या हंगामात दाजींच्या वह्या तिकडे आणि मी इकडे, अशी गत झाली.

दूरचा संगणक आपल्या पडद्यावर उघडण्याची एक सोय असते. तिला रिमोट डेस्कटॉप म्हणतात. त्यात वह्या जागच्या हलत नाहीत. सांगलीहून साताऱ्याला येते ते केवळ पडद्याचे चित्र, आणि साताऱ्याहून सांगलीला जाते ती आपल्या बोटांची हालचाल. विंडोज सर्व्हरवर ही सोय मुळात बंद असते. ती चालू करायची, कोणाकोणाला आत घ्यायचे त्यांची नावे लिहायची, आणि आधी ओळख पटावी, मगच पडदा दिसावा, अशी अट घालायची. फोनवरून मी एकेक पायरी सांगत होतो आणि दाजी चष्मा पुसत पुसत करीत होते. मध्येच थांबून त्यांनी विचारले, "तोंड उघडं ठिवलं तर साप बी उतरंल की!"

शंका अगदी रास्त होती. या सोयीचे ठरलेले दार म्हणजे ३३८९ क्रमांकाचे पोर्ट. तो क्रमांक साऱ्या जगाला ठाऊक. ते दार थेट इंटरनेटच्या रस्त्यावर उघडले तर कोणी कुठला अनोळखी इसम रात्रंदिवस पासवर्डच्या किल्ल्या लावून पाहत बसतो. २०१९च्या मे महिन्यात तर या दारात असा दोष सापडला होता की, ज्यांना दुरुस्त्या देणे केव्हाच बंद झाले होते त्या जुन्या विंडोज एक्सपीसाठीसुद्धा मायक्रोसॉफ्टला दुरुस्ती काढावी लागली. तेव्हा आम्ही दार रस्त्यावर ठेवलेच नाही. आधी व्हीपीएनचा खासगी बोळ, आणि त्या बोळाच्या टोकाला दार. पाच वेळा पासवर्ड चुकला तर अर्धा तास प्रवेश नाही. हा शेवटचा नियम दाजींना इतका पसंत पडला की तो उधारीवाल्यांनाही लावावा असे त्यांनी सुचवले.

वेगळे नाव मात्र त्यांनी मला घेऊ दिले नाही. "मी काय आन् तू काय, येगळं कशाला?" झाले! मी साताऱ्याहून त्यांच्या नावाने आत गेलो आणि तिकडे पावती करीत बसलेल्या दाजींच्या पुढचा पडदा मिटून कुलूप आले. एका नावाचा एकच कारभार. नंतरचा आला की आधीचा बाहेर. लगेच फोन वाजला. "मेव्हण्या, माझ्याच दुकानातनं मला भाईर काढलास व्हय रे?" त्या संध्याकाळी माझे वेगळे नाव झाले. कारभारी म्हणून दोघांना एका वेळी आत राहता येते, त्यासाठी निराळा परवाना विकत घ्यावा लागत नाही, हे ऐकून दाजी निवळले.

आणखी एक वाट मी बंदच ठेवली होती. साताऱ्याची डिस्क सांगलीच्या पडद्यावर दिसावी आणि फायली इकडच्या तिकडे नेता याव्यात, ती ही वाट. दाजींचा शब्दच होता, "वही दुकानाभाईर जायाची न्हाई." रोजची प्रतसुद्धा त्याच माडीवरच्या कपाटात.

मग २०२१चा जुलै आला. दुकान गणपती पेठेत. आयर्विन पुलापाशी ४५ फूट ही धोक्याची पातळी. २०१९च्या ऑगस्टमध्ये पाणी तिथे ५७ फुटांच्या वर गेले होते, आणि ती आठवण अजून भिंतींवरून पुसलेली नव्हती. या खेपेलाही ते पन्नाशी ओलांडून गेले. इकडे साताऱ्यात पाऊस खळत नव्हता, आणि इथले पाणी तिकडेच जाणार हे शाळेतल्या पोरालाही कळत होते. अक्का आणि दाजी मिरजेला पाहुण्यांकडे निघाले होते. माडीवरचा सर्व्हर इन्व्हर्टरवर चालू होता. मी फोन केला, "दाजी, वह्या इकडं घेऊ का?"

बराच वेळ नुसता पाण्याचा आणि माणसांच्या हाकांचा आवाज येत राहिला. मग ते म्हणाले, "घे."

मी ती वाट उघडली, बाहेर पडून पुन्हा आत गेलो. माझी डिस्क तिथे दिसू लागली. एकेक वर्ष साताऱ्याला येऊ लागले. २०१६, २०१७, २०१८. २०१९च्या पुराच्या वर्षाची वही छोटीशीच होती, ती झरकन आली. २०२०ही आले. चालू वर्षाचे अर्धे झाले असेल नसेल, तोच पडद्यावरचे चित्र थिजले. बाण जागच्या जागी. 'पुन्हा जोडत आहे' अशा अर्थाची अक्षरे काही वेळ दिसली, मग तीही गेली. इन्व्हर्टर संपला होता की खाली पाणी शिरले होते, हे कळायला मार्ग नव्हता. मी रिकाम्या पडद्यापुढे बसून होतो, तेवढ्यात मिरजेहून अक्काचा फोन आला. पोचलो, म्हणाली. वह्यांचे तिने विचारले नाही आणि मीही काढले नाही.

माडीपर्यंत पाणी चढले नाही. यंत्र वाचले, खालच्या मजल्यावरची पोती गेली.

आता दर रविवारी रात्री वह्यांची एक प्रत साताऱ्याला येते, दाजींच्या स्वतःच्या परवानगीने. दिवाळीला ते आमच्याकडे येतात तेव्हा फराळाचे ताट बाजूला सारून माझ्या टेबलाशी बसतात आणि दुकान उघडतात. उठताना फुली दाबून नुसती खिडकी मिटतात. मी म्हणतो, "दाजी, साइन आउट करा. असं केलं की तुमचा कारभार आत चालूच राहतो."

"ऱ्हाऊ दे की," ते म्हणतात, आणि करंजीला हात घालतात.