नावावरून शहर ओळखताना

अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉलवर मी मराठीत बरीच वर्षं लिहितो आहे. त्या लिखाणातल्या काही चुका उघडपणे मांडायला हव्यात, कारण त्या वाचकांपर्यंत माझ्यामुळेच गेल्या. रणजी क्रिकेट पाहत वाढल्यामुळे संघ त्या त्या गावाचाच असतो, हे मी गृहीत धरलं होतं. मुंबईचा संघ उद्या दुसऱ्या राज्यात जाऊन खेळेल, अशी शंकाही आपल्याला येत नाही. एनबीएत, म्हणजे अमेरिकेतल्या त्या बास्केटबॉल लीगमध्ये, मात्र संघ मालकाचा असतो आणि मालक तो हलवू शकतो.

ह्यूस्टनला नासाचं केंद्र आहे, म्हणून तिथला संघ रॉकेट्स, असं मी लिहिलं होतं. हा संघ 1967 मध्ये सॅन डिएगोत सुरू झाला. अ‍ॅटलस रॉकेट्स तिथे तयार होत. 1971 मध्ये संघ ह्यूस्टनला आला, तो नाव घेऊनच. डेट्रॉइट पिस्टन्सचंही तसंच. मोटारींचं शहर म्हणून पिस्टन्स, हे मला इतकं उघड वाटलं की मी शोध घेतलाच नाही. इंडियानातल्या फोर्ट वेन गावी फ्रेड झोलनर यांचा पिस्टनचा कारखाना होता आणि संघही त्यांचाच. 1957 मध्ये त्यांनी तो डेट्रॉइटला नेला. पुढे 1978 ते 2017 या काळात त्याचं घरचं मैदान डेट्रॉइट शहरात नव्हतंच, ते आधी पाँटियॅक आणि मग ऑबर्न हिल्स इथे होतं. त्याच काळातल्या एका सामन्याचं वर्णन करताना मी डेट्रॉइटच्या रस्त्यांवरून मैदानाकडे निघालेली गर्दी रंगवली होती. ती गर्दी मी कल्पनेतून लिहिली होती.

यापेक्षा मोठी चूक सॅक्रामेंटो किंग्जबद्दल झाली. ऑक्टोबर 2019 मध्ये वरळीत किंग्ज आणि इंडियाना पेसर्स यांचे सराव सामने झाले. भारतात एनबीएचे संघ पहिल्यांदाच खेळत होते. किंग्जचे प्रमुख मालक विवेक रणदिवे मुंबईत जन्मलेले, त्यामुळे त्यांनी एकट्याने हा संघ वाचवला असा लेख मी अभिमानाने लिहिला. रॉचेस्टर, सिनसिनाटी, कॅन्सस सिटी असा प्रवास करून 1985 मध्ये सॅक्रामेंटोत आलेला हा संघ 2013 मध्ये सिअ‍ॅटलला जाणार होता, हे खरं. पण तो थांबला त्यामागे महापौर केव्हिन जॉन्सन यांची धडपड होती, चाहत्यांची चळवळ होती आणि नव्या क्रीडागृहासाठी शहराने देऊ केलेला सार्वजनिक पैसाही होता. त्या पैशाबद्दल माझ्या लेखात एक ओळही नव्हती. संघ खासगी, त्याच्या घराचा मोठा खर्च मात्र नागरिकांचा, हा मुद्दाच वाचकांपासून लपला.

सगळ्यात जास्त टोचते ती 2025 मधली चूक. ओक्लाहोमा सिटी थंडर विजेते झाल्यावर मी लिहिलं, ‘शहराचं दुसरं अजिंक्यपद.’ संघाच्या नोंदींत दोन विजेतेपदं आहेत, पण पहिलं 1979 चं, सिअ‍ॅटल सुपरसॉनिक्सचं. तेव्हा ओक्लाहोमा सिटीत एनबीएचा संघच नव्हता. सिअ‍ॅटलमध्ये अनेक वर्षं राहिलेल्या एका मराठी वाचकाने मला कळवलं, ‘ते आमचं होतं.’ त्याचं म्हणणं रास्त होतं. 41 वर्षं तिथे खेळलेला संघ 2006 मध्ये ओक्लाहोमाच्या गुंतवणूकदारांनी विकत घेतला आणि क्रीडागृहाचा करार 2010 पर्यंत असताना 2008 मध्ये ओक्लाहोमा सिटीला हलवला. करारातून सुटण्यासाठी शहराला साडेचार कोटी डॉलर्स देण्याचं ठरलं. पण घरातल्या मोठ्यांचं बोट धरून सामने पाहिलेल्या माणसांचं नुकसान त्या रकमेत मोजलं गेलं नाही, आणि माझ्या एका वाक्याने त्यांचा विजय दुसऱ्या शहराच्या खात्यावर मांडला.

त्याच समझोत्यात सुपरसॉनिक्स हे नाव आणि हिरवा-सोनेरी रंग सिअ‍ॅटलच्या भावी संघासाठी राखून ठेवण्यात आले. म्हणजे संघावर हक्क नसला, तरी आठवणींवर शहराचा हक्क असतो, हे संघ नेणाऱ्यांनाही मान्य करावं लागलं. म्हणून आता कोणत्याही संघाचा इतिहास लिहिताना विजय कोणत्या वर्षी आणि कोणत्या शहरात मिळाला, या दोन्ही गोष्टी मी एकत्रच लिहितो.