जुनेपणाची कारागिरी

नवी वस्तू जुनी करून देणे हा माझ्या धंद्यातला नित्याचा व्यवहार आहे. पुस्तक ऐतिहासिक कादंबरीचे असो, संस्थानी आमदानीतल्या एखाद्या गाजलेल्या खटल्याचे असो, की कुणा निवृत्त अंमलदाराच्या आठवणींचे असो, प्रकाशकाची पहिली फर्माईश ‘मुखपृष्ठ जरा जुनाट दिसू द्या’ हीच असते. आणि जे काम करायला ऊन, पाऊस, कसर आणि माणसांचे हात यांना शे-दीडशे वर्षे लागतात, ते संगणकाच्या पडद्यावर मी एका दुपारी उरकून देतो. या खोट्या जुनेपणाची कला अंगी बाणवताना खऱ्या जुनेपणाविषयी मला जे उमगले, ते एरवी कधी उमगले असते असे वाटत नाही.

वास्तविक जीर्ण वस्तूंचा सहवास मला उपजतच होता. माझे बालपण रत्नागिरी जिल्ह्यातल्या समुद्रकाठच्या एका गावी गेले. तेथे चिऱ्याचे गडगे दोन-चार पावसाळ्यांत काळे पडत, खाऱ्या वाऱ्याने खिडक्यांचे गज पापुद्रे धरत, आणि वडील मामलेदार कचेरीत कारकून असल्यामुळे रुमालात बांधलेली दप्तरे, फाटक्या कडांच्या नकला आणि पुसट झालेले शिक्के घरातल्या बोलण्यातही असत. परंतु जे रोज दिसते त्याकडे कोण पाहतो? मुंबईस कलाशाळेत दाखल झालो तेव्हा तर स्वच्छता हाच आमचा धर्म होता. पोस्टर कलरचा थर आरशासारखा सपाट लागला पाहिजे, आणि कागदावर बोटाचा ठसा उमटला तर चित्र बाद. पुढे जाहिरातीच्या कचेरीत नोकरी लागल्यावर जुनेपणाची मागणी प्रथम कानी आली, आणि तिच्यावरचे उपायही ठरीव होते: कागदाला चहाचे पाणी पाजावे, स्पंजाने डाग टेकवावेत, टूथब्रशच्या केसांवरून बोट फिरवून शाईचे शिंतोडे उडवावेत, आणि शेवटी मेणबत्तीवर धरून कडा जाळाव्यात. मराठी मुखपृष्ठांवरची कितीतरी ऐतिहासिक पत्रे अशी एकाच मेणबत्तीवर भाजून निघालेली आहेत.

फोटोशॉप १९९० साली बाजारात आले आणि १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत त्याला लेयरची जोड मिळाली, म्हणजे एकावर एक थर रचून प्रत्येकाला स्वतंत्रपणे हात लावण्याची मुभा मिळाली. आमच्या टेबलावर ते येऊन पोचले तेव्हा वाटले की चहाचे भांडे आता कायमचे विसळून ठेवावे. ‘नॉइज’ म्हटले की चित्रभर कण पसरत, ‘क्लाउड्स’ म्हटले की मळभ दाटून येई. तरीही ते जुनेपण नजरेला पटत नसे. नुसत्या नॉइजमध्ये शेजारच्या दोन कणांची एकमेकांशी ओळखदेख नसते; खऱ्या डागाला मात्र आकार असतो, त्या आकारात लहान आकार असतो, आणि त्यातही आणखी बारीक दाणा असतो. ‘ट्रॉन’ या १९८२ च्या चित्रपटावर काम केलेल्या केन पर्लिन या संगणकतज्ज्ञालाही संगणकी चित्रांचा यांत्रिक गुळगुळीतपणा असाच खटकला होता. त्याने मंद चढउतारांचे अनेक पदर, मोठ्यावर लहान आणि लहानावर त्याहून लहान असे चढवून संगमरवर, ढग आणि ज्वाळा निर्माण करण्याची रीत शोधली व १९८५ च्या एका निबंधात ती मांडली; चित्रपटसृष्टीने १९९७ साली अकादमीचे तांत्रिक पारितोषिक देऊन तिचा गौरव केला. गणिताने डागाला पोत दिला खरा. पण डाग कोठे पडावा हे सांगणे गणिताच्या अखत्यारीतले नव्हते.

ते शिकण्यासाठी कॅमेरा घेऊन भिंतींपुढे उभे राहावे लागले. मुंबईतल्या कोणत्याही जुन्या इमारतीची खिडकी पाहा: तिच्या खालच्या कट्ट्याच्या मधल्या भागाखाली भिंत बरीचशी स्वच्छ असते, आणि दोन्ही टोकांखाली मात्र काळे ओघळ उतरलेले असतात, कारण वर्षभर आडव्या कट्ट्यावर साचलेली धूळ पावसाचे पाणी टोकांकडे वाहून नेते आणि तेथून खाली सोडते. लोखंडी फाटकाचा रंग प्रथम उडतो तो कडांवर, जोडांवर आणि हात लागतो त्या कडीभोवती. बोल्टच्या माथ्याशी गंज सर्वांत गडद असतो, तेथून तांबूस धार सरळ खाली येते आणि येता येता फिकट व रुंद होत जाते; बोल्टच्या वर ती कधीही चढत नाही. एवढे ध्यानी आले की पडद्यावरचे काम आपोआप शिस्तीत येते. तळाशी पत्र्याचे छायाचित्र, त्यावर गंज, त्यावर जुना निळा रंग आणि सर्वांत वर नवा हिरवा असे लेयर ठेवावेत. मास्कने हिरवा कडांपाशी खरवडावा, निळा त्याहून कमी खरवडावा. उरलेल्या रंगाच्या कडेखाली केसाएवढी सावली द्यावी, म्हणजे पापुद्रा उचललेला भासतो. आणि ओघळ ‘मल्टिप्लाय’ने बसवावा, म्हणजे त्याचा पांढरा भाग नाहीसा होऊन काळिमा तेवढी खालच्या रंगात मुरते. एकच डाग दोन ठिकाणी उमटवण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा. वाचकाला कारण सांगता येत नाही, पण डोळ्याला लबाडी तत्काळ कळते.

कागदाने मला याहून अधिक शिकवले. आपल्याकडचा जुना जुन्नरी कागद हातबनावटीचा, चिंध्या आणि ताग यांच्या लगद्याचा. लाकडाच्या लगद्याइतके लिग्निन त्यात नसल्यामुळे तो वर्तमानपत्रासारखा पिवळा-तांबडा होत नाही. पेशवाईतले पत्र पाहावे तर ते पुष्कळदा सायीच्या रंगाचे, आणि काजळाची शाई काल लिहिल्यासारखी काळीभोर असते. त्याचे वार्धक्य दिसते ते घड्यांवर: आडवी आणि उभी घडी जेथे छेदतात तेथे कागद प्रथम झिजतो व बारीक भोक पडते. कसरीने खाल्लेले घडीचे पत्र उलगडले तर भोके घडीच्या दोन्ही अंगांना जोडीजोडीने समोरासमोर उमटलेली दिसतात, आणि ओलीचा डाग प्रत्येक पदरागणिक फिका होत जातो. हे कळल्यापासून मी भोक एकदाच काढतो आणि तो लेयर घडीवर उलटवून थोडा लहान करतो. मेणबत्तीची गरज उरली नाही.

जीर्णता म्हणजे काळाने कशीही केलेली नासधूस, ही माझी कलाशाळेतली समजूत अशा रीतीने मोडली. प्रत्येक डागाला पूर्वपीठिका असते. पाणी कोठून आले, हात कोठे पडला, ऊन कोणत्या बाजूचे, याची ती बिनचूक नोंद असते, आणि नोंद जशी कारणाशिवाय होत नाही तसा डागही होत नाही. इतिहास-संशोधक हीच नोंद उलट दिशेने वाचतात. राजवाड्यांनी १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाची साधने छापली आणि १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. तेव्हापासून कागद, शाई, वळण आणि शिक्का पाहून अस्सल-बनावटीचा निवाडा करणारी माणसे ज्या गोष्टींवरून दस्तऐवज तपासतात, त्याच गोष्टी मी पडद्यावर जुळवीत असतो. फरक एवढाच की माझ्या पत्राखाली प्रकाशकाचे नाव आणि किंमत छापलेली असते, म्हणून ती कला ठरते. नाव-किंमत नसती तर त्याच कारागिरीला फौजदारी कायद्यात निराळे कलम आहे.

मात्र या सगळ्या खटाटोपातली एक गंमत मला अलीकडेच दिसली. फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर मीच केलेल्या एका मुखपृष्ठाची प्रत मिळाली. लॅमिनेशनचे प्लास्टिक कण्यापाशी सुटले होते, तेथून दमट हवा आत शिरली होती, आणि मी मोठ्या निगुतीने रंगवलेल्या घडीला तिरकस छेदून एक खरी घडी गेली होती. माझी घडी कागदाच्या कापलेल्या कडेशी थांबली होती. खरी घडी कडेवरून वळून आतल्या पानांपर्यंत पोचली होती आणि तिच्या रेषेवर छपाईची शाई उडून पांढरा कागद उघडा पडला होता. आम्ही वार्धक्य छापतो आणि लगोलग त्यावर प्लास्टिक चढवून खऱ्या वार्धक्याला मज्जाव करतो! त्यानंतर एका प्रकाशकांना मी सुचवून पाहिले की या खेपेस लॅमिनेशन नको, पुस्तकाला आपल्या मगदुराप्रमाणे जुने होऊ द्या. त्यांनी शांतपणे हिशेब मांडला: दुकानातून परत येणाऱ्या मळक्या प्रती कोणी घेत नाही, त्या रद्दीत जातात. गिऱ्हाइकाला जुने दिसणारे पुस्तक हवे असते, जुने झालेले नको असते. हा युक्तिवाद बिनतोड आहे. आणि माझे बिल याच युक्तिवादातून निघत असल्यामुळे मी त्यावर हरकत घेतली नाही.